विकतचा डोळा

रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलं की मागून फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पा आणि पुढून बॅटचे आवाज एकदमच कानावर येतात. समोरच्या नेटमध्ये माझी बारा वर्षांची मुलगी बॉलिंग टाकत होती. शेजारी माझी नणंद बसली होती. ताई एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या. तरुणपणी त्या खो-खो खेळायच्या. मी बँकेत नोकरी करते आणि शाळा सुटल्यापासून मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप उचलला. त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. त्यानंतर दोन आठवड्यांतच आम्ही लेकीला ‘पर्सनल’ लावलं. अकॅडमीची फी वेगळी आणि वर आठवड्यातून दोनदा एका कोचकडे एकटीची शिकवणी. तासाला बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला नऊ हजार सहाशे. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षभराचे पैसे एकदम भरायचे की नाही, हे ठरवायचं होतं. त्या सकाळी ताईंशी जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. हा हिशेब आज अनेक घरांत चालू आहे आणि तो बहुतेक एकट्यानंच केला जातो.

ताई : वर्षाचे किती होतात गं?

मी : एक लाख पंधरा हजार दोनशे. अकॅडमी, बूट, किटबॅग, जाणं-येणं सगळं सोडून.

ताई : माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारात अख्ख्या शाळेचं खेळाचं साहित्य येऊन वर उरलं असतं. पण ते जाऊ दे, काळ बदललाय. मला एवढंच सांग, या पैशांत तू काय विकत घेतेस?

मी : लक्ष. दुसरं काही नाही. अकॅडमीत बावीस मुलं आहेत, त्यात मुली तीन. कोच एक आणि त्यांच्या हाताखाली एक कॉलेजचा मुलगा. हिची बॅटिंगची पाळी अंधार पडायला लागला की येते. बॉलिंग टाकताना मागून एकच वाक्य ऐकू येतं, ‘लाइन पकड’. लाइन का सुटते हे सांगायला त्यांना वेळ नसतो. त्यांची चूक आहे असं मी म्हणत नाही. बावीस मुलांत एकेकीकडे ते कधी बघणार?

ताई : मुलींच्या वाट्याला शेवटची पाळी येते हे मात्र मला टोचलं. त्याबद्दल तू अकॅडमीत बोललीस का?

मी : दोनदा. दोन्ही वेळा पुढचे आठ दिवस पाळी लवकर आली, मग पहिल्यासारखंच.

ताई : मग तिसऱ्यांदा बोल. बाराशे रुपयांआधी ते करायचं. पण तुझा मुद्दा मी धरून ठेवते. मुलींना नेट कमी मिळतं, ही खरी गोष्ट आहे. आता माझं ऐक. मी खो-खोतून आले. आमच्याकडे एकटीची शिकवणी हा प्रकारच नव्हता. डाइव्ह कशी मारायची हे मोठ्या मुलींकडे बघून कळायचं आणि चुकलं की अख्खा संघ ओरडायचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, मुलींची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. ही मुलं संघात मोठी होतात. एका माणसासमोर एकटं उभं राहून खेळाडू घडतो, हेच मला पटत नाही.

मी : पण ताई, क्रिकेटची तीच जुनी उदाहरणं काढली तर ती माझ्या बाजूनं बोलतात. तेंडुलकर घ्या. त्याचे कोच आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. हे सगळ्यांसाठी नव्हतं ना? त्याला मिळालेलं लक्ष पर्सनलच होतं. फक्त त्याची पावती फाडलेली नव्हती.

ताई : ते नाणं कशासाठी होतं ते लक्षात घे. सगळे बॉलर त्याच्यावर तुटून पडावेत म्हणून. आऊट करेल त्याला नाणं, टिकला तर सचिनला. शिकवणारा एक, पण समोर पोरांची झुंड! आणि त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय, शिवाजी पार्कवरच्या पहिल्या उन्हाळ्यात साठ दिवसांच्या सुटीत पंचावन्न सराव सामने खेळला. पंचावन्न! तुझी लेक गेल्या पाच महिन्यांत किती सामने खेळली?

मी : आठ-नऊ.

ताई : आणि पर्सनलचे तास?

मी : चाळीसच्या वर.

ताई : बघ. हिशेब तूच केलास.

मी : थांबा, माझं पूर्ण होऊ दे. गावसकर घ्या. त्यांची आई घरात त्यांना टेनिस बॉल टाकायची, मामा माधव मंत्री कसोटी खेळलेले. स्मृती मानधना घ्या. सांगलीत वडील जिल्ह्यासाठी खेळलेले, भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या संघात. जेमिमा रॉड्रिग्जचे तर वडीलच कोच. या सगळ्या घरांत बघणारा डोळा होता. जेवताना, गॅलरीत, रस्त्यानं जाताना कुणीतरी म्हणायचं, ‘कोपर खाली पडतोय.’ आमच्या घरात तो डोळा नाही. हिचे बाबा आणि मी, दोघांना इनस्विंग आणि आऊटस्विंगमधला फरक यूट्यूबवर बघून कळला. ज्या घरात कुणी खेळलेलं नाही त्या घरानं काय करायचं? आमच्यासारख्यांना तो डोळा विकतच घ्यावा लागतो.

ताई यावर लगेच बोलल्या नाहीत. समोर लेक रनअपच्या खुणेवर परत चालली होती. बॉल पँटला घासत, मान खाली घालून.

ताई : हे तू बरोबर बोललीस. मी याचा विचार केला नव्हता. मुलाला बघणारं कुणीतरी हवंच. पण घरचा डोळा आणि तासाचा डोळा यांत एक फरक आहे. घरच्या डोळ्याला घाई नसते. तो पंधरा दिवस गप्प बसू शकतो. तासाच्या कोचला पालक घड्याळ लावून बघत असतात. त्याला दर तासाला काहीतरी शिकवलेलं दिसावं लागतं. मग या सोमवारी ग्रिप, शुक्रवारी मनगट, पुढच्या सोमवारी पुढचा पाय. शिकलेली गोष्ट अंगात मुरायला दिवस लागतात, ते मिळतच नाहीत. कोचला दोष देऊ नकोस. पूर्वी बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. ते संध्याकाळी मैदानावर येऊन फुकट शिकवायचे, कारण घर पगारावर चालायचं. आता चांगला क्लब क्रिकेटर चाळिशीला आला की फीवरच त्याची चूल पेटते.

मी : तसं आमच्याकडे झालं नाही असं नाही. पण पहिल्या महिन्यात जे झालं ते ऐका. दुसऱ्याच दिवशी सरांनी फोन ट्रायपॉडवर लावून बाजूनं तिचा व्हिडिओ काढला, सावकाश चालवून मला दाखवला. मागचा पाय क्रीजमध्ये पडला तेव्हा कंबर बॅट्समनकडे आणि खांदे मात्र बाजूला वळलेले. म्हणाले, ‘हिला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. वरचं अंग एका दिशेला, खालचं दुसऱ्या. बॉल सोडेपर्यंत खांदे उलटे फिरतात आणि तो सगळा पिळा कमरेच्या मणक्यांवर येतो. वेगवान बॉलर्सच्या पाठीची दुखणी इथूनच सुरू होतात.’ मग दोन आठवडे तिला धावूच दिलं नाही. जमिनीवर चुन्याची रेघ मारली. चार पावलं चालत यायचं, पाय रेघेवर, खांदा आणि कंबर एका दिशेला, मग बॉल सोडायचा. नंतर सहा पावलं. मग हळू धावत. महिन्याभरात अ‍ॅक्शन बदलली. अकॅडमीत दोन वर्षं हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. सांगा, ते पैसे वाया गेले?

ताई : नाही. एक पैसाही वाया गेला नाही. पोरीची पाठ वाचली. त्या माणसाला माझा नमस्कार सांग. पण तो महिना डिसेंबर होता. त्यानंतर चार महिने काय चाललंय?

मी : सराव.

ताई : कागद आहे का तुझ्याकडे? दे. आठवडा सांग.

मी पर्समधून जुनी पावती काढली. त्यांनी ती उलटी करून मांडीवर ठेवली आणि मी सांगेन तसं लिहीत गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार अकॅडमी, प्रत्येक वेळी साधारण आठ ओव्हर. सोमवार, शुक्रवार पर्सनल, तासाला दहा ओव्हर. रविवारी मॅच किंवा नेट, चार ओव्हर. बेरीज झाली अठ्ठेचाळीस ओव्हर, दोनशे अठ्ठ्याऐंशी बॉल.

ताई : गुरुवार ते मंगळवार, सलग सहा दिवस. मोकळा एकच, बुधवार. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं लहान वयाच्या वेगवान बॉलर्ससाठी नियम करून ठेवलेत. तेरा वर्षांखाली एका स्पेलमध्ये पाच ओव्हर, दिवसात दहा. आठवड्यात चारच दिवस आणि सलग दोनपेक्षा जास्त नाहीत. सरावाचे बॉलही मोजायलाच हवेत. तुमच्या पर्सनलच्या एका तासात ती न थांबता दहा ओव्हर टाकते.

मी : पण अ‍ॅक्शन आता बरोबर आहे ना.

ताई : बरोबर अ‍ॅक्शननं टाकलेला बॉलही पाठीवर पडतोच. बारा वर्षांचं हाड अजून वाढतंय, बाई. मणक्याला बारीक तडा जातो, तो आधी नुसता पाठ भरल्यासारखा वाटतो. मुलं सांगत नाहीत, संघातून काढतील म्हणून. मग सहा महिने सक्तीची विश्रांती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुटी द्यावी. तू आत्ता जेमिमाचं नाव घेतलंस. ती महाराष्ट्राच्या ज्युनियर संघातून हॉकीही खेळली आहे. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढले तिनं. हॉकीमुळे तिचं क्रिकेट अडलं का?

मी कागदाकडे बघत राहिले. अकॅडमीला पर्सनलचं माहीत नव्हतं. पर्सनलच्या सरांना मॅचचं वेळापत्रक माहीत नव्हतं. तिन्हीकडची बेरीज फक्त माझ्याजवळ होती आणि ती मी पाच महिन्यांत एकदाही केली नव्हती. बँकेत दिवसभर आकडे जुळवणारी बाई मी!

मी : खरं सांगते ताई, भीती वाटते. बाकीच्या मुलांचे आईबाप लावतात. आपण थांबलो आणि तिची संधी गेली तर? आता मुलींच्या क्रिकेटमध्ये पैसा आहे. २०२२ पासून भारताचं क्रिकेट बोर्ड देशाकडून खेळणाऱ्या मुलींना मुलांइतकीच मॅच फी देतं. २०२३ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृतीला तीन कोटी चाळीस लाख मिळाले. उद्या हिनं विचारलं, ‘आई, तुम्ही माझ्यासाठी पुरेसं केलं नाहीत’, तर काय उत्तर देऊ?

ताई : त्या लिलावाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बाराशे रुपये मोजशील, तर ते पैसे कधीच वसूल होणार नाहीत. संघात पंधरा जणी घेतात. निवड चाचणीला शेकड्यानं येतात. बाकीच्यांचं सगळं वाया गेलं म्हणायचं का? मी एकतीस वर्षांत हजारो मुलं खेळवली. देशासाठी खेळलेली एकही नाही. राज्यासाठी खेळलेली हाताच्या बोटांवर. पण माझं काम वाया गेलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. आणि भीतीचं म्हणशील, तर ती तुझी आहे, तिची नाही. तुझ्या भीतीची फी तिच्या पाठीनं का भरायची?

हे शब्द मला लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागले.

मी : मग बंद करू?

ताई : बंद कर म्हटलं का मी? सकाळी येताना म्हणणार होते. आता नाही म्हणत. तू त्या डोळ्याचं बोललीस ते माझ्या मनात बसलं. बी. पी. एड. च्या वर्गात आम्हाला बेंजामिन ब्लूम यांचा अभ्यास सांगितला होता. १९८५ साली त्यांचं पुस्तक आलं. जलतरणपटू, टेनिसपटू, पियानोवादक, गणिती, असे जगात नाव काढलेले सुमारे एकशेवीस जण. त्यांच्या लहानपणाची चौकशी केली तेव्हा दिसलं की पहिला शिक्षक फार मोठा जाणकार असतोच असं नाही. तो प्रेमळ होता, त्याच्याकडे जायला मुलाला आवडायचं, एवढं मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं होतं. कडक, जाणता गुरू नंतर आला, मूल स्वतः मागायला लागलं तेव्हा. क्रम बघ. आधी गोडी, मग प्रश्न, मग गुरू. तुमच्याकडे गुरू आधी आला, कारण फायनल आपण जिंकली.

मी : पण तो आला नसता तर अ‍ॅक्शन कळली नसती.

ताई : कबूल. म्हणून म्हणते, डॉक्टरकडे जातो तसं जा. दुखतं तेव्हा, किंवा वर्षातून दोनदा तपासायला. डॉक्टरचं वर्षाचं पॅकेज घेऊन आठवड्यातून दोनदा जाऊन बसत नाही आपण.

मी : मला नाही हे पूर्ण पटत, ताई. खेळ म्हणजे आजार नाही. चांगली सवय लावायलाही माणूस लागतो. गाण्याच्या क्लासला आपण आठवड्याला पाठवतोच की. तिथे समोर गुरू असतो म्हणून रियाज होतो.

ताई : गाण्याचा गुरू मैफलीला येऊन बसतो, गं. तुझ्या कोचनं हिची एकतरी मॅच पाहिली आहे?

मी : नाही. रविवारी त्यांच्या बॅचेस असतात.

ताई : मग ते कुणाला शिकवतात? नेटमधल्या मुलीला. मॅचमधली मुलगी त्यांनी पाहिलेलीच नाही. चौका बसल्यावर ती काय करते, तिसऱ्या ओव्हरला खांदा पडतो का, कॅच सुटली की चेहरा कसा होतो, हे कोण बघणार? आचरेकर सर झाडामागे उभे राहून मॅच बघायचे, चुका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, असं सचिननंच सांगितलंय. तू डोळा विकत घेतेस ना? मग तो योग्य जागी बसव. त्यांना सांग, महिन्यातून एक तास नेटऐवजी मॅचला या. फी तीच देऊ. बॉल टाकून घेऊ नका, नुसतं बघा.

हे मला सुचलंच नव्हतं. पैसे द्यायचे म्हणजे घाम गाळून घ्यायचा, असं मी धरून चालले होते. बसून बघणाऱ्याला पैसे द्यायचे, हे मनाला पटायला मला पुढचे दोन दिवस लागले.

वर्षाचं पॅकेज आम्ही घेतलं नाही. सरांना मी फोन केला, तो अठ्ठेचाळीस ओव्हरचा कागद वाचून दाखवला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मॅडम, अकॅडमीत इतकं टाकते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी दहा ओव्हर टाकून घेतल्या नसत्या.’ आता महिन्यातून दोन तास ठरलेत, एक नेटवर आणि एक मॅचला. तिचं बॉलिंग आठवड्यात चार दिवसांवर आलंय आणि प्रत्येक दिवसाचे बॉल ती स्वतः वहीत मांडते. अकॅडमीत मी तिसऱ्यांदा बोलले. या वेळी उरलेल्या दोन मुलींच्या आयाही बरोबर होत्या, आणि मुलींची पाळी आता आठवड्यातून एकदा पहिली असते. वाचलेल्या पैशांतून काही भाग सुट्टीतल्या सामन्यांच्या प्रवेश फीला गेला. संध्याकाळी ती बिल्डिंगखाली पोरांबरोबर लगोरी खेळते. पहिल्या आठवड्यात मला ते बघवत नव्हतं, आता बघते.

ताई आणि मी अजून एकमताच्या नाही. त्या म्हणतात, महिन्याचे दोन तासही जास्त आहेत, चांगले सामने मिळाले तर कोच लागत नाही. मी म्हणते, घरात कुणी खेळलेलं नसेल तर बाहेरच्या जाणत्या माणसाशिवाय मूल वर्षानुवर्षं एकच चूक घोटत बसतं, आणि ती चूक कधी कधी पाठीत जाते. पण एका गोष्टीवर आमचं जमलं. कोचकडे जाताना प्रश्न लेकीचा हवा, माझा नको. तिनं तो वहीत लिहायचा. लिहायला काही नसेल, तर त्या महिन्यात जायचं नाही.

पहिला आठवडा वहीतलं प्रश्नाचं पान कोरंच होतं. माझा जीव खालीवर होत होता, पण मी काही बोलले नाही. दुसऱ्या रविवारी मॅच संपवून ती आली, बूटही न काढता जमिनीवर बसली आणि लिहिलं : ‘दमल्यावर माझा बॉल लेग साइडला का जातो?’

ताई तेव्हा आमच्याकडेच होत्या. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

“याला बाराशे रुपये दे,” त्या म्हणाल्या. “आणि सरांना सांग, उत्तर नेटमध्ये शोधू नका, तिच्या शेवटच्या ओव्हरला येऊन बघा.”